जाळीपलीकडचा खोकला

डोळ्यांच्या दवाखान्यात शिवणवाल्या मावशींच्या डोळ्यांत औषध घातलं होतं. डोळे मिटून बसायचं. कान मात्र मोकळे. मागच्या बाकावर चर्चचे म्हातारे फादर आणि त्यांची थोरली बहीण.

"राजीनामा परत घेतला, ताई."

"वेड लागलंय का तुला? लोकांची तीच तीच पापं ऐकून कान किटले म्हणत होतास ना?"

"किटले होतेच. त्या दिवशी सकाळी आपल्या गावच्या सुताराला पुरून आलो आणि संध्याकाळी चर्चमध्ये लोकांची कबुली ऐकायला बसलो. राजीनामा दिला होता, शेवटचंच म्हणून. कबुलीच्या खोलीतल्या जाळीपलीकडे कोणीतरी येऊन टेकलं, खोकलं, बोलायला लागलं."

"मग?"

"मला डुलकी येत होती. सवयीने ऐकलं, सवयीनेच क्षमाही देऊन टाकली. 'शांतीने जा बाबा' म्हणालो, आणि मग तो खोकला ओळखला."

"कोणाचा?"

"सुताराचा."

"काहीतरीच! पण डोळे हे असे तुझे. नीट बघितलंस तरी का?"

"जाळीतून बघायचं नसतंच, ताई. तिथे कुठे डोळे लागतात?"

"बरं, बोलला काय तो?"

"कबुलीतलं बाहेर सांगायचं नसतं."

"अरे, मेलेल्या माणसाचं?"

"मेलेल्याचंसुद्धा."

मावशी मिटल्या डोळ्यांनीच बाकावर थोड्या मागे सरकल्या.

"आणि एवढ्यासाठी तू मरेपर्यंत तिथे बसणार?"

"उठताना त्याने एक विचारलं. ते कबुलीत धरत नाहीत, म्हणून सांगतो. म्हणाला, 'फादर, उद्याही बसाल ना? बाहेर रांग लागलीय.'"