उतरली की या

तुम्हाला बोलावलं त्या चिठ्ठीत चुका असतील मिस, माफ करा. आठवीतच शाळा सोडली मी, शब्दही साधेच येतात—पण तुम्ही आलात, बरं झालं. बसा. त्या खुर्चीत नको, ती डॅडची. ते वर झोपलेत. नाही हो, पिऊन नाही—तेच तर सांगायचंय, आमचे डॅड थेंबभरसुद्धा घेत नाहीत.

आमच्या टेसनं तुमच्या वर्गात उभं राहून काय सांगितलं ते कळलं मला. 'माझे डॅड दारुडे होते, मी सुधारलं त्यांना.' टाळ्या पडल्या म्हणे? नऊ वर्षांची पोर. दारूचं मीच सांगितलं तिला, तिच्या भावानं. डॅडना पार्किन्सन आहे, तीन वर्षं झाली—पाय अडखळतात, जीभ जड होते. दिसायला सारखंच की. डॅडच म्हणाले, 'क्लॅर, बहिणीला सांग, मी पितो.' का म्हणजे? तिच्या तोंडात काही राहत नाही, आणि एप्रिलपासून खेकड्यांचा हंगाम, डॅडच्या बोटीला माणसं लागतात. या खाडीत दारुड्याच्या बोटीवर माणसं हसत चढतात, मिस—आजाऱ्याच्या बोटीवर कोण चढणार?

आणि आमच्याकडे दाराला कडी लावत नाहीत, पाहिलं असेल तुम्ही. लावतात ती एकाच वेळी—नवरा पिऊन आला की. शेजारची युनिस काकू आतून ओरडते, 'उतरली की या, राजे!' सगळी आळी हसते. टेसनं तेच पाहिलेलं. आई देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला, तेलावरच्या मजुरांच्या छावणीत स्वयंपाकाला—मग घरातली बाई टेसच, नाही का?

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी चारला डॅड धक्क्यावरून आले, वारा नुसता कापत होता. पोरीनं कडी घातली. 'उतरली की या!' ते सांगायला गेले तर जीभ वळेना—तिची आणखीच खात्री पटली. अर्ध्या तासानं तिनंच कडी काढली. तोवर हातमोजा बर्फात पडलेला, तो त्यांना उचलता आला नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं थंडीनं मेली, पुढे कापावी लागली.

मी? मी नव्हतो घरी. म्हणजे—होतो. वरच होतो. ऐकत होतो. खाली जाऊन उघडलं असतं तर का उघडलं ते तिला सांगावं लागलं असतं ना? आणि खरं सांगू, वाटलं, पोरीला पटलंय, आता गावालाही पटेल. थोडं हसूसुद्धा आलं.

खरं सांग म्हणता? तुम्हीच सांगा ना! सांगा, बाळ, तू कडी घातलीस तो आजारी माणूस होता. येतं तोंडातून? मान खाली घालू नका, सांगा!

उठा आता, शाळेची बस यायची वेळ झाली, टेस येईल. सांगायचंच असतं तर त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं असतं. इस्पितळातून आलो तर ही जिन्यावर बसलेली. 'उतरली का?' म्हणाली. म्हटलं, उतरली, तुझ्यामुळे. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पावाच्या पिठाच्या पुऱ्या तळून, वर काकवी ओतून, पोटभर खाऊ घातल्या.