टेन्शन द्यायचं नाही

हॅलो?... हॅलो, पुणे? उमाकांतराव?... हो, मी विद्याधर, बंगळूरहून. सुतकात आहे, कारखान्यात फोनपुरता आलोय, इथल्या विठोजी शिपायाने लावून दिलाय... येतंय ना ऐकू?

क्षमाची आई गेल्याची तार गेल्या मंगळवारी तुमच्याच हाती पडली ना?... क्षमाने नाही पाहिली? अजून काहीच कळलं नाही तिला?... बरं. बरं...

हो, हो, आठवा महिना. समजतं मला. डॉक्टर काय म्हणाले?... टेन्शन द्यायचं नाही. अहो, इथले आमचे तमिळ डॉक्टरही तेच म्हणतात. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्का दारातून कानडीत सांगून जातात, 'टेन्शन माडबेडि.' सगळ्यांकडे तोच एक शब्द.

काय?... कुठलं पत्र?... हो, अक्षर माझंच. क्षमाच्या आईला कुठे लिहिता येत होतं? ती सांगायची, मी लिहायचो. दर शुक्रवारी. या शुक्रवारी पत्र गेलं नसतं तर पोरीला संशय आला असता. म्हणून लिहिलं. आईच्या नावाने...

काय लिहिलं म्हणजे? नेहमीचंच. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं. डिंक आणून ठेवलाय. लवकर ये, मी वाट बघतेय... अहो, ती तसंच सांगायची हो! हात आपोआप लिहीत गेला...

हॅलो?... बसली? कशात बसली?... बंगळूरच्या गाडीत? आजच? आणि तुम्ही कुठे होता?... ऑफिसात. मग सोबत कोण?... तुमचा भाऊ हरी. त्याला तरी माहीत आहे ना?... त्यालाही नाही!

नाही, नाही, तुम्हाला नाही बोलत. मीच बोलावलं तिला...

हो, सकाळी स्टेशनवर जातो. अक्कांना सोबत घेतो. डॉक्टरांनाही विचारतो... पण ऐका ना, उमाकांतराव. डब्यातून पाय खाली टाकला की ती आधी विचारणार, आई कुठाय? तेव्हा काय बोलू?... टेन्शन नको, ते कळलं हो! पण तोंडाने काय बोलू?... कोण सांगणार मग? तुम्ही तिकडे, मी...

ऑपरेटर अम्मा, कट करू नका! इन्नू स्वल्प, एकच मिनिट...

हॅलो?... उमाकांतराव?... हॅलो?

गेली लाइन. घे विठोजी, ठेव फोन... नाही रे, कुठलं झालं बोलणं? मुलगी सकाळी येतेय. आई गेली, हे तिला सांगायचं राहिलंय.