लातूरच्या स्टँडावरची धूळ

...न्हाई, पण मला सांगा, आपल्याच खानावळीत माणसानं झाडू मारायचा का न्हाई? आमचा रेवणप्पा तर बस गेली की मारायचा! भूकंपात गावाकडचं घर पडलं, तसा बायको गुरम्मा अन् तान्ही वर्षाराणी घेऊन लातूरला आला, स्टँडासमोर पत्र्याखाली खानावळ टाकली. शिकवण्यांना आलेली पोरं बसमधून ट्रंका घेऊन उतरायची, ती सरळ ह्याच्या ताटावर! समोर रिक्षांची रांग, धूर, भर्रर्र भर्रर्र... गुरम्मा कावली की हा म्हणायचा, "अगं, धूळच की ती! झटकली की गेली!"

तुम्हाला सांगतो, पोरगी तीन वर्सांची झाली अन् पोट धरून रडाया लागली. खाईना, खेळंना, पांढरीफटक! शेजारीण म्हणे, "दृष्ट!" कंपाउंडर म्हणे, "जंत!" अशात कॉलेजातले एक सर आले, ब्रशनं उंबऱ्यावरली धूळ पुडीत भराया लागले. रेवणप्पा हसला, "पोतं देऊ का, सर? धूळच की ती!" काही दिवसांनी सर परत आले, हळूच म्हणाले, "ह्यात शिसं आहे. पेट्रोलच्या धुरातलं. लेकराला इथं खेळवू नका." तर हा त्यांच्यावरच उखडला, "गिऱ्हाईक पळवता काय माझं!"

अन् दुसऱ्याच दिवशी, ऐन जेवणाच्या गर्दीत... पोरीला झटके! डोळे फिरले, दातखीळ! भाकर तव्यावर, पोरं ताटावर, अन् हा पोरगी छातीशी धरून रस्त्यात! समोरच्या रांगेतल्या लालमहंमदनं रिक्षा काढली, हॉर्नवरचा हात काढलाच न्हाई. डॉक्टर विचारतात, "काय खाते ही?" गुरम्मा म्हणती, "काय खाती, साहेब... दिवसभर बोटं चोखती." तवा कुठं रेवणप्पाच्या तोंडून निघालं, "डॉक्टर... आमच्या धुळीत शिसं हाय म्हणं."

रक्त तपासाया मुंबईला गेलं. तोवर हा दवाखान्याच्या पायरीवर. लालमहंमद म्हणायचा, "रेवणप्पा, कपडे तरी झटक यार, धूळच की ती!" ह्याचा हात वर जायचा अन् तिथंच थांबायचा... झटकायचीच भीती!

शिसंच निघालं हो! पण औषध लागू पडलं, पोरगी वाचली. डॉक्टरांनी बजावलं, स्टँडापासून लांब ठेवा. मग लातूरजवळच्या मुरुडला खोली केली. खानावळ कशी सुटणार, पोट तिथंच! आता रोज सांजच्याला हा बसनं घरी येतो, तर दारात गुरम्मा बादली घेऊन उभी, "तिथंच थांबा!" आतून पोरगी हात पसरून, "आप्पाऽ, उचल की!" अन् हा अंगणात, थंडीत, तांब्यावर तांब्या ओतत कुडकुडतो, "थांब गं माय... अजून लातूर निघंना अंगावरलं!"