तहसीलसमोरचा बाक

मोहाडीत तहसीलसमोरच्या बाकावर निवृत्त गुरुजी बसची वाट पाहत होते. शेजारी दोघी बोलत होत्या. आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव निघताच गुरुजींनी कान टवकारले.

“काकू, तुमचा अनुप जाते ना अजून भरतीसाठी पळायले?”

“पहाटेच बूट घालून निघते, रिता. पण बुटात ओली रेती येते.”

“बाप्पा! रेतीचोरीच्या घाटावर जाते का?”

“मैदानावरच्या पोरांसंगं होता तं पोलीस व्हाचं म्हणे. आता रेतीवाल्या पोरांसंगं बसते, तं म्हणते टिप्परवाल्याचाच रुबाब जास्त.”

“दम द्या त्याले.”

“मीच भेतो वं. मागच्या महिन्यात त्यातलंच एक पोरगं टिप्परखाली आलं.”

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला.

“बोल, अनुप... हो, तहसीलसमोरच बसली आहो... तहसीलदार साहेबाची गाडी?”

त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

“निघाली, बाबू! घाटाकडंच येऊन राहिली. पळ, घरी जाय!”

रितानंही तिकडे पाहिलं.

“काकू, गाडी तं फाटकातच उभी हाय!”

“हाय ना. पण आज तं अनुप घरी जाईल.”

“अन् उद्या?”

“उद्याही इथंच येऊन बसीन.”

गुरुजींची बस आली. ते उठले नाहीत; तेही फाटकाकडे पाहत राहिले.