खिडकीची खोली

१९९७ साल. गुडगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी एक मराठी जोडपं होतं. बाहेर त्यांच्या जिप्सी गाडीमागे प्लायवूड आणि पत्र्याची, दोन चाकांवरची, घरीच बनवलेली, छोट्या खिडकीची खोली उभी होती. तिची एक बाजू पार चेपली होती.

"श्रीरंग, रविवारी ट्रेलरचा हूक सुटला तेव्हा आपली पोर, मयुरा, आत असती तर?"

"नव्हती ना, उल्का."

"आत बसायचा हट्टच धरला होता तिनं. मी ओरडले, म्हणून पुढे बसली."

"चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं."

"मग तिची उशी आत कशी सापडली?"

श्रीरंगनं बाहेरच्या चेपलेल्या बाजूकडे पाहिलं.

"सांग ना रे."

"मीच ठेवली होती. तुला न सांगता दहा मिनिटं बसवणार होतो. तिला त्या खिडकीतून हात हलवायचा होता."

"अरे देवा!"

"भाईसाहब, नया हुक मोटा वाला लगा दूँ?" मिस्त्रीनं आतून विचारलं.

"नहीं भैया. पहिये निकाल दो."

"श्रीरंग, दोन वर्षं खपलास तू ह्या खोलीसाठी."

"आता ती टेम्पोनं नेऊन अंगणात ठेवू, उल्का. मयुरा तिथूनच हात हलवेल."