आरशासारखं पातं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेले आजोबा आणि त्यांची मुलगी माझ्या शेजारीच होते.

“बाबा, हे टर्बाइनचं छोटं पातं. हात फिरवून बघा ना.”

“तीस वर्षं पाती घासून आरसा केलाय मी त्यांचा. आता काय बघायचंय?”

“आम्ही आता त्यांवर चरे पाडतो. हवा कमी अडते.”

“चरे? एक ओरखडा दिसला तर साहेब पातं परत पाठवायचा!”

“हे वाऱ्याच्या दिशेनं असतात, केसाहून बारीक. आमच्याकडे कुणाच्या हाताला जाणवतही नाहीत.”

“थांब. बोटाला इथपर्यंत झकास लागतंय. इथून पुढे कुणीतरी वाट लावलीय.”

“बरोब्बर तिथूनच चरे सुरू होतात, बाबा! ती वाट मीच लावलीय.”

“तू?… मग घे बाई, फडक्यात गुंडाळ. माझ्या हाताचा घाम लागेल त्याला.”