टोपणाला भोक

दीनानाथ: विनीता, फोनकडे इतकं टक लावून पाहिलंस तर तो लाजेल. सासऱ्याचं ऐक, दोन घास खा आधी.

विनीता: फोन आला की खाते, बाबा. फिनलंडात आत्ता सकाळ झालीय. बर्फावरची ती गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. आमच्या ऑफिसातला रुचिर ती कुठल्याही क्षणी चालू करेल.

दीनानाथ: गाडी चालायची बर्फात आणि तिचा भाग बनतो सिंगापुरात, आपल्या सेम्बावांगला! इथे बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसात.

विनीता: हसा. तिकडे तिच्या एक्सलरेटरची केबल गोठते. एकदा दाबला की सुटतच नाही, माणूस थेट झाडावर! म्हणून मी त्यावर रबरी टोपण केलं, कणही शिरू नये असं घट्ट. तरी आधीच्या दोन्ही टेस्टला आत बर्फ.

दीनानाथ: आणि उपाय म्हणून त्याच टोपणाला भोक! तुझे विश्वाससाहेब काय म्हणाले?

विनीता: "बर्फ अडवायचाय की आत बोलवायचाय?" अख्खी मीटिंग हसली. रुचिर सगळ्यात मोठ्यानं.

दीनानाथ: तरी तू हटली नाहीस.

विनीता: का हटू? गरम पोळ्या डब्यात घालून झाकण गच्च लावलं, तर काय होतं?

दीनानाथ: वाफ धरते. खालच्या पोळ्यांचा लगदा.

विनीता: तेच की! टोपण बसवतो आपण इथल्या दमट हवेत. ती हवा आत कोंडते, तिकडे गारठ्यात तिचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ. बाहेरून काही शिरलंच नव्हतं, बाबा. आम्हीच इथून पार्सल केला होता! म्हणून खालच्या अंगाला बारीक भोक, त्यावर जाळी. पण आज फसलं तर सोमवारपासून हे काम दुसऱ्याकडे.

(फोन वाजतो. विनीता स्पीकर लावते.)

रुचिर: विनीता, मायनस तीस आहे इथे. माझं नाक जागेवर आहे की नाही, तेच कळत नाहीये.

विनीता: नाक गेलं खड्ड्यात! केबल?

रुचिर: आधी इंजिन ऐक.

दीनानाथ: घुमतंय की छान!

विनीता: इंजिन मागच्या वेळीही घुमत होतं. दाब आणि सोड, रुचिर.

रुचिर: दाबला... सोडला... आला परत! अगं, लोण्यासारखा!

विनीता: पुन्हा.

रुचिर: कितीदा करू? हा बघ, परत आला! आणि टोपण काढून बघतोय... आत कोरडं ठाक. टाळ्या ऐकतेस ना? विश्वास सर इथेच आहेत, म्हणतायत, आता सगळ्या गाड्यांना हेच. आणि... त्या दिवशी हसलो, सॉरी.

विनीता: इथे कानात नको. सोमवारी त्याच मीटिंगमध्ये म्हण.

रुचिर: उभा राहून म्हणतो. चल, ठेवतो, बोटं गेली माझी!

दीनानाथ: शाब्बास, पोरी! सगळ्यांना पुरून उरलीस. आता तरी पानावर बस.

विनीता: बसते, बसते. इतका आनंद झालाय की रडूच येतंय, आणि भूकही कडकडून लागलीय... अहो बाबा, पोळ्यांचे पापड झालेत! डबा उघडा कुणी टाकला?

दीनानाथ: मीच, सकाळपासून. म्हटलं, आज घरात एकही झाकण घट्ट नको.